पळालेल्यांचा इतिहास

इतिहास लिहिला जातो तो बहुधा कागदपत्रांच्या आधाराने, आणि कागदपत्रे राहतात ती राज्यकर्त्यांची, व्यापाऱ्यांची व जमीनदारांची. ज्यांच्या हाती लेखणी कधी आलीच नाही, त्यांचा उल्लेख त्या कागदांत येतो तो दुसऱ्याच कोणाच्या तरी कामानिमित्त. कॅरिबियन समुद्रातील सां-दोमिंग ही अठराव्या शतकातील फ्रान्सची सर्वांत संपन्न वसाहत. १७६६ पासून तेथे 'आफिश आमेरिकेन' नावाचे साप्ताहिक निघत असे. जहाजांच्या आगमनाची वर्दी, मालाचे भाव, घरे व जमिनी विकण्याच्या जाहिराती यांच्या शेजारी त्यात आणखी एक सदर नेमाने येई. ते म्हणजे पळून गेलेल्या गुलामांचे. अमुक नावाचा, अमुक वयाचा, छातीवर अमुक अक्षरे डागलेला मनुष्य अमुक मळ्यातून नाहीसा झाला आहे. आढळल्यास मालकास कळवावे. अशा हजारो जाहिराती आज अभ्यासकांना उपलब्ध आहेत. त्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र त्यांत नाही. मालकाच्या दृष्टीने ती नुकसानीची नोंद होती. ज्याची जाहिरात छापली गेली, त्याच्या दृष्टीने ती कदाचित त्याच्या आयुष्यातील पहिल्याच स्वतंत्र कृतीची नोंद होती.

अशा पळालेल्या माणसाला एखाद्या कथेचा नायक करावे, आणि तेही करमणुकीच्या अगदी नव्या साधनाने, ही गोष्ट म्हणूनच लक्षात घेण्याजोगी आहे. पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या व्हिडिओ गेमचा व्यवसाय आज जगभर पसरला आहे. त्यातील नायक बहुधा सैनिक असतात, सरदार असतात, गुप्तहेर किंवा चाचे असतात. युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१३ साली 'असॅसिन्स क्रीड : ब्लॅक फ्लॅग' हा खेळ बाजारात आणला, त्याचा नायकही एक चाचाच होता. परंतु त्याच वर्षाच्या डिसेंबरात या खेळाला एक पुरवणी जोडण्यात आली. तिचे नाव 'फ्रीडम क्राय', म्हणजे स्वातंत्र्याचा पुकारा. पुढे २०१४ मध्ये ही पुरवणी स्वतंत्र खेळ म्हणूनही विक्रीस आली. मूळ खेळात जो चाच्याच्या गलबतावरील दुय्यम अधिकारी होता, तो आदेवाले येथे नायक झाला. आदेवाले हा कल्पित पुरुष. त्रिनिदाद बेटावर गुलाम म्हणून जन्मलेला, तेथून निसटलेला, समुद्रावर वाढलेला आणि पुढे एका गुप्त पंथात दाखल झालेला. १७३५ साली वादळात त्याचे जहाज फुटते आणि तो सां-दोमिंगच्या किनाऱ्याला लागतो. आपल्या पंथाचे काम आटोपून निघून जावे, असा त्याचा विचार असतो. परंतु भोवती जे चालले आहे ते पाहून त्याचा पाय निघत नाही. बास्तिएन जोझेफ या कुंटणखाना चालविणाऱ्या स्त्रीच्या मध्यस्थीने त्याची रानातल्या पळपुट्यांशी गाठ पडते आणि मळे, कोठड्या व जहाजे यांतून माणसे सोडवणे हेच त्याचे कार्य होऊन बसते.

हा खेळ लपूनछपून खेळावयाचा आहे. नायक उंच गवतात दडतो, गर्दीत मिसळतो, पहारेकऱ्याची पाठ फिरण्याची वाट पाहतो. या जातीच्या इतर खेळांत असे दबा धरणे हे कौशल्याचे प्रदर्शन असते. पकडले गेल्यास तलवार उपसावी, एवढाच त्याचा परिणाम. 'फ्रीडम क्राय'मध्ये मळ्यावर शिरलेला नायक पहारेकऱ्यांच्या दृष्टीस पडला आणि धोक्याची सूचना झाली, की ते गुलामांनाच मारू लागतात. खेळणाऱ्याच्या चुकीची किंमत दुसरेच कोणी मोजते. खेळाच्या या एका नियमात त्या वसाहतीच्या इतिहासातील एक मोठे सत्य सामावले आहे. परंतु ते समजून घेण्यासाठी त्या भूमीची व तेथील कायद्याची ओळख करून घेतली पाहिजे.

१४९२ साली कोलंबस ज्या बेटांवर उतरला, त्यांपैकी हिस्पानिओला हे एक मोठे बेट. तेथील मूळचे ताइनो लोक स्पॅनिश सक्तमजुरी व युरोपातून आलेले रोग यांनी काही दशकांतच जवळजवळ नामशेष झाले. बेटाचा पश्चिमेकडील तिसरा हिस्सा १६९७ च्या रिस्विकच्या तहाने फ्रान्सकडे आला. तेच सां-दोमिंग, म्हणजे आजचे हैती. तेथील जमीन उसाला उत्तम, युरोपात साखरेची मागणी वाढती, आणि राबणारी माणसे आणावयाची ती आफ्रिकेतून. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सात लाखांहून अधिक आफ्रिकी माणसे या एका वसाहतीत उतरविण्यात आली. तरीही १७८९ मध्ये तेथील गुलामांची संख्या पाच लाखांच्या आतबाहेरच होती. आलेल्यांची संख्या आणि उरलेल्यांची संख्या यांतील हा फरक बोलका आहे. कारण त्या उरलेल्यांत तेथेच जन्मलेली मुलेही होती. त्या वेळी वसाहतीत गोरे होते ते तीस-चाळीस हजार. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के आणि कॉफीपैकी सुमारे ६० टक्के एवढा माल या लहानशा प्रदेशातून जात होता.

उसाच्या मळ्यातील काम कसे असते, हे गुऱ्हाळ पाहिलेल्या मनुष्याला फार समजावून सांगावे लागणार नाही. तोडलेला ऊस फार काळ ठेवता येत नाही. त्याचा रस आंबतो. म्हणून तोडणी सुरू झाली की चरक रात्रंदिवस फिरत राहतो. सां-दोमिंगमध्ये हे चरक पाण्याने किंवा जनावरांनी फिरत. तीन उभे लाट, आणि त्यांच्या फटीत हाताने ऊस सारणारे गुलाम. झोपेने डोळा मिटला आणि बोटे लाटांत गेली, तर मागोमाग हात ओढला जाई. म्हणून हात तोडून माणूस वाचविण्यासाठी चरकापाशी कोयता ठेवलेला असे. पलीकडे काहिलींची रांग. एकीतून दुसरीत रस ओतीत तो आटवावयाचा. उकळत्या पाकाचा शिंतोडा उडाला तर कातडी सोलून निघे. आपल्याकडील गुऱ्हाळात हंगामाची एक ओढ असते, गुळव्याला मान असतो, शेजाऱ्यापाजाऱ्यांना रसाचे आमंत्रण असते. तेथे चाबूकधारी मुकादम होता, आणि हंगाम वर्षातील बरेच महिने चाले. नव्याने आलेल्यांपैकी फार मोठा भाग पहिल्या काही वर्षांतच मरून जाई. मालकांनी हिशेब केला होता. मुले वाढविण्यापेक्षा नवी माणसे विकत घेणे त्यांना स्वस्त पडत होते.

ही व्यवस्था कायद्याविना चालत होती, असे मात्र नाही. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये आपल्या वसाहतींसाठी साठ कलमांची एक राजाज्ञा काढली. ती 'कोड न्वार', म्हणजे काळा कायदा, या नावाने ओळखली जाते. तिच्यात गुलामांना बाप्तिस्मा द्यावा, असे कलम आहे. आठवड्याला किती पीठ व किती मांस किंवा मासे द्यावेत, वर्षाला किती कपडे द्यावेत, याचीही कलमे आहेत. आणि गुलाम ही जंगम मालमत्ता होय, तिची वारसांत वाटणी व्हावी, हेही त्यातच लिहिले आहे. आई गुलाम असेल तर मूल गुलाम. मालकाच्या तोंडावर मारून जखम करणाऱ्यास देहान्त. निरनिराळ्या मालकांच्या गुलामांनी दिवसा किंवा रात्री, लग्नाच्या निमित्तानेसुद्धा, एकत्र जमता कामा नये. अडतिसाव्या कलमात पळून जाणाऱ्यांची शिक्षा आहे. महिनाभर बेपत्ता राहिल्यास कान कापून एका खांद्यावर राजचिन्हाचा डाग, दुसऱ्यांदा गुडघ्यामागची शीर कापून दुसऱ्या खांद्यावर डाग, तिसऱ्यांदा मृत्यू.

या राजाज्ञेतील अन्नवस्त्राची कलमे वाचून तिला दयाळू म्हणणारेही पूर्वी होऊन गेले. परंतु कायद्याची परीक्षा त्याच्या शब्दांनी होत नाही, ती अंमलबजावणीने होते. १७८८ साली लजन नावाच्या एका मळेवाल्याच्या गुलामांनी धीर करून अधिकाऱ्यांकडे फिर्याद नेली. चौकशीला गेलेल्या अधिकाऱ्यांना साखळदंडांत बांधलेल्या, पाय भाजलेल्या दोन स्त्रिया आढळल्या. पुरावा समोर होता. तरी मळेवाल्यांच्या दडपणापुढे न्यायालयाने आरोपीला सोडून दिले. शिक्षेची कलमे अमलात येत आणि संरक्षणाची कलमे कागदावर राहत. जेथे दाद मागण्याचा दरवाजा असा बंद असतो, तेथे माणसाला एकच वाट उरते, ती म्हणजे रानाची.

रानात पळालेल्यांना फ्रेंच लोक 'मारों' म्हणत. हा शब्द मूळ स्पॅनिश भाषेतला. माणसाळलेले जनावर सुटून पुन्हा रानटी झाले, की त्याला जे नाव होते, तेच या माणसांना लावण्यात आले. पळण्याचेही प्रकार होते. कोणी दोन-चार दिवसांपुरता निसटे. दुसऱ्या मळ्यावरील बायकोला किंवा मुलाला भेटण्यासाठी, एखादी शिक्षा टाळण्यासाठी, किंवा केवळ पोटभर झोपण्यासाठी. तो जवळपासच दडून राही आणि सोबत्यांनी आणून दिलेल्या अन्नावर जगे. कोणी शहरात जाऊन मुक्त मनुष्य म्हणून वावरे. कोणी सीमा ओलांडून बेटाच्या स्पॅनिश भागात जाई. आणि काही थोडे डोंगरात जाऊन वस्ती करीत. दक्षिणेकडील बाओरुकोच्या पर्वतराजीत मानिएलच्या पळपुट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या असा तग धरला. त्यांच्यावर एकामागून एक मोहिमा निघाल्या, पण ते हाती आले नाहीत. शेवटी १७८५ मध्ये सरकारला त्यांच्याशी समेट करावा लागला. त्या वेळी त्यांची संख्या होती अवघी शेदीडशे. शेजारच्या जमैकात इंग्रजांनाही १७३९ मध्ये कुजो या पळपुट्यांच्या पुढाऱ्याशी तह करावा लागला होता. या तहांत एक कटू अट असे. पुढे जे कोणी पळून येतील, त्यांना परत सरकारच्या स्वाधीन करावे. स्वतःच्या स्वातंत्र्याची किंमत दुसऱ्याच्या गुलामीने चुकविण्याची ही अट होती.

पाठलाग करणारेही पुष्कळदा त्याच वर्णाचे असत. पळपुट्यांना पकडण्यासाठी 'मारेशोसे' नावाचे जे दल होते, त्यात मुक्त कृष्णवर्णी व मिश्रवर्णी पुरुषांची भरती होई. आणि या दलातील चाकरी हा गुलामाला मुक्ती मिळविण्याचाही एक मार्ग होता. सत्तेने माणसामाणसांत अशी भिंत घातली होती की एकाची सुटका दुसऱ्याच्या पकडीवर अवलंबून राहावी. अशा स्थितीत लपणे हे भेकडपणाचे लक्षण नव्हते. पावलाचा आवाज न होऊ देणे, चुलीचा धूर दिसू न देणे, पायवाट पडू न देणे, कोणाला सांगावे आणि कोणाला सांगू नये याचा क्षणोक्षणी विचार करणे, हे त्या माणसांचे युद्धशास्त्र होते. एकाच्या चुकीने दहांचे कान जात. खेळातील दबा धरण्याचा नियम इतिहासाला येऊन भिडतो तो येथे.

खेळातील इतर तपशील इतिहासाशी कितपत जुळतात, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. त्यातील खलपुरुष गव्हर्नर पिएर द फाये हे खरोखरीचे नाव आहे. १७३२ ते १७३७ या काळात तो वसाहतीचा गव्हर्नर होता. परंतु कथा जेथे घडते ते पोर्ट-ओ-प्रिन्स शहर रीतसर वसविण्यात आले ते १७४९ मध्ये, आणि राजधानी झाले १७७० मध्ये. म्हणजे आदेवाले ज्या बाजारपेठेतून व गल्ल्यांतून हिंडतो, त्या १७३५ साली तशा नव्हत्याच. ही चूक क्षम्य म्हणता येईल. कादंबरीकारही असे स्वातंत्र्य घेतात. कथेत फ्रेंच शास्त्रज्ञांची एक मोहीम येते, तिला मात्र भक्कम आधार आहे. पृथ्वीचा गोल ध्रुवांपाशी चपटा आहे की विषुववृत्तापाशी, या वादाचा निकाल लावण्यासाठी गोदँ, बुगे व ला काँदामीन हे विद्वान १७३५ मध्ये दक्षिण अमेरिकेकडे निघाले आणि वाटेत काही महिने सां-दोमिंगमध्ये थांबले. एकाच राजाच्या आश्रयाने एक मंडळी पृथ्वीचे माप घेण्यास निघाली होती आणि दुसरी मंडळी माणसांची खरेदी करीत होती. बुद्धीची प्रगती आणि मनाची प्रगती या दोन गोष्टी बरोबर चालतातच असे नाही, याला याहून बोलके उदाहरण सहसा सापडणार नाही.

या खेळातील एक प्रसंग खेळणाऱ्यांच्या मनात फार काळ राहिला. आदेवाले एका गुलामवाहू जहाजाचा पाठलाग करतो, ते हाती लागणार असे दिसताच फ्रेंच जहाजे त्याच्यावरच तोफा डागतात. जहाज बुडू लागते. नायक तळघरात उतरतो. साखळ्यांनी जखडलेली माणसे आक्रोश करीत असतात, पाणी चढत असते. कितीही धावपळ केली तरी थोड्याच जणांना सोडविता येते. येथे कौशल्य उपयोगी पडत नाही. हा प्रसंग कोणाला अतिरंजित वाटेल. पण इतिहासात याहून भयंकर घडले आहे. १ जानेवारी १७३८ रोजी 'ल्यूस्डेन' हे डच जहाज सुरिनामच्या किनाऱ्याजवळ वाळूत रुतले. गुलाम वर आले तर होड्या अपुऱ्या पडतील, या भीतीने खलाशांनी तळघराची झाकणे बंद करून टाकली आणि आपण निसटले. साडेसहाशेहून अधिक माणसे आत बुडून मेली. १७८१ मध्ये 'झाँग' या इंग्रज जहाजाच्या खलाशांनी शंभराहून अधिक जिवंत माणसे समुद्रात फेकली आणि मालकांनी त्यांच्याबद्दल विम्याची रक्कम मागितली. लंडनच्या न्यायालयात तो दावा चालला तो विम्याचा म्हणून. खुनाचा खटला कोणावरच झाला नाही.

आता खेळाच्या उणिवेकडे वळावयास हवे. आदेवाले जितकी माणसे सोडवील तितका त्यांचा आकडा वाढत जातो, आणि आकडा ठराविक मर्यादेला पोचला की नायकाला नवी हत्यारे व साधने मिळतात. काही समीक्षकांनी यावर आक्षेप घेतला, आणि तो रास्त आहे. ज्या व्यवस्थेने माणसाला खातेवहीतील आकडा केले, तिच्याविरुद्ध लढणारा खेळही शेवटी माणसांची मोजदाद करून त्यांच्या बदल्यात वस्तू देतो. सुटलेला मनुष्य आभार मानून पडद्याआड जातो. तो कोठे गेला, काय खाल्ले, कोणापासून दुरावला, हे खेळणाऱ्याला कळत नाही. दुसरी उणीव त्याहून खोल आहे. एक पराक्रमी पुरुष येतो आणि मुके जन मुक्त होतात, हा कथेचा साचा फार जुना आहे. सां-दोमिंगमध्ये घडले ते वेगळेच होते.

तेथे माकांदाल नावाचा एक पळालेला गुलाम होऊन गेला. उसाच्या चरकात त्याचा हात गेला होता, असे परंपरा सांगते. अनेक वर्षे तो गुप्तपणे मळ्यामळ्यांतून हिंडला, त्याने माणसे जोडली, आणि विषप्रयोगाच्या आरोपावरून २० जानेवारी १७५८ रोजी त्याला काप-फ्रांसे येथे जिवंत जाळण्यात आले. तो ज्वाळांतून निसटला, अशी गुलामांची श्रद्धा होती. 'फ्रीडम क्राय'च्या संगीतासाठी हैतियन परंपरेचे गायक-वादक ज्या मंडळातून घेण्यात आले, त्याचे नावच 'ला त्रूप माकांदाल' असे आहे. जाळलेल्या माणसाचे नाव अडीचशे वर्षांनंतर ढोलाच्या तालावर असे पुन्हा ऐकू आले. परंतु माकांदालने गुलामगिरी संपविली नाही, आणि डोंगरातल्या वस्त्यांनीही नाही. ती संपविणारा उठाव २२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री खुद्द मळ्यांवरच उभा राहिला. त्याचे पुढारी मळ्यांवरीलच मुकादम व गाडीवान होते. कायद्याने बंदी घातलेल्या रात्रीच्या सभा त्यांनी गुप्तपणे भरविल्या, मळ्यामळ्यांत निरोप पोचविले, आणि काही आठवड्यांत उत्तरेकडचे शेकडो मळे पेटले. वर्षानुवर्षे पळण्याने, लपण्याने व गुपित राखण्याने जे शिक्षण झाले होते, ते त्या रात्री हजारो लोकांच्या उपयोगी पडले.

पुढील इतिहास विख्यात आहे. १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारक सभेने वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली. पूर्वी गुलाम असलेला तूसँ लूव्हेर्त्यूर वसाहतीचा सर्वाधिकारी झाला. नेपोलियनने १८०२ मध्ये सैन्य पाठवून त्याला कैद केले. फ्रान्समधील एका थंड किल्ल्यात एप्रिल १८०३ मध्ये तो मरण पावला. परंतु त्याच्या लोकांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात व्हेर्तिएर येथे फ्रेंच सैन्याचा पराभव केला आणि १ जानेवारी १८०४ रोजी हैतीचे स्वातंत्र्य जाहीर झाले. या विजयाची किंमत मात्र दोनदा मोजावी लागली. १८२५ मध्ये फ्रान्सच्या राजाने युद्धनौका पाठवून, मळेवाल्यांच्या गमावलेल्या मालमत्तेची भरपाई म्हणून १५ कोटी फ्रँकची मागणी केली. पुढे रक्कम कमी करण्यात आली; तथापि तिच्यापायी झालेल्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालली. गमावलेल्या मालमत्तेत जमिनीबरोबर ती माणसेही धरलेली होती. म्हणजे मुक्त झालेल्यांच्या नातवंडा-पतवंडांनी आपल्याच पूर्वजांचे मोल चुकते केले.

भारतीय श्रोत्याला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही. दख्खनच्या इतिहासात मलिक अंबर हे नाव आहे. हबसाणात जन्मून गुलाम म्हणून अनेकदा विकला गेलेला हा मनुष्य निजामशाहीचा सूत्रधार झाला, आणि डोंगर, रात्र व चपळ घोडेस्वार यांच्या बळावर त्याने १६२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मोगलांना दाद दिली नाही. दोन्ही प्रकार गुलामगिरीचेच. परंतु दख्खनमध्ये गुलाम शिपायाला वर चढण्याची वाट होती, साखरेच्या बेटांवर ती कायद्यानेच अडविलेली होती. म्हणून एक अंबर राज्य चालवू शकला, आणि माकांदालला चिता मिळाली.

दुसरा दुवा मॉरिशसचा. हे बेट फ्रेंचांच्या ताब्यात असताना १७२३ मध्ये काळ्या कायद्याच्याच धर्तीवरील राजाज्ञा तेथे लागू झाली. आफ्रिका व मादागास्कर येथून आणि भारतातूनही तेथे गुलाम नेले गेले. पळालेले लोक ल मोर्न नावाच्या, समुद्रात घुसलेल्या उभ्या कड्याच्या डोंगरावर आश्रय घेत. इंग्रजी अमलात, १८३५ च्या फेब्रुवारीत गुलामगिरी संपली. ही वार्ता सांगण्यासाठी शिपायांची तुकडी डोंगराकडे आली, तेव्हा आपल्याला धरावयास आले असे समजून वरच्या लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा तेथे सांगतात. स्वातंत्र्य दारी आले असता त्याच्यावर विश्वास बसू नये, इतका त्या वेषाचा अनुभव दारुण होता. त्या डोंगराला २००८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. गुलाम मुक्त झाले, पण ऊस तोच राहिला. आणि त्या उसासाठी १८३४ पासून भारतातून गिरमिटिये नेण्यात आले. बिहार, तमिळ व तेलुगू प्रदेश यांच्याबरोबर मुंबई बंदरातून कोकणची माणसेही गेली. मॉरिशसमध्ये आज जो मराठी समाज आहे, तो त्यांचाच वंश. करार मोडून मळा सोडणाऱ्या या मजुरालाही 'फरारी' ठरवून तुरुंगात टाकीत. कल्पित आदेवालेचे जन्मस्थान म्हणून सांगितलेल्या त्रिनिदादलाही १८४५ मध्ये अशाच भारतीय मजुरांचे पहिले जहाज लागले.

जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तेव्हा तो अमेरिकेतील ज्या लोकांनी नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली, त्यांना अर्पण केला. सात समुद्रांपलीकडील चरकात अडकलेला हात आणि आपल्या गावकुसाबाहेरची बंद वाट यांचा संबंध पुण्यातील एका माणसाला त्या काळी स्पष्ट दिसला होता. आज तोच विषय तरुणांच्या हातात खेळाच्या रूपाने आला आहे. तो खेळ खेळणाऱ्याने घटकाभर पळणाऱ्याच्या जागी उभे राहावे, एवढे त्याला साधले तरी पुष्कळ झाले. त्यापुढचे काम खेळाचे नव्हे. साप्ताहिकाच्या त्या जुन्या जाहिरातींत अंगावरच्या डागांची वर्णने मालकांनी माणूस पुन्हा पकडला जावा म्हणून छापली होती. हैतीतील व इतरत्रचे अभ्यासक आज त्याच जाहिराती एकेक करून वाचीत आहेत, त्यांतील नावे, वये व गावे लावून घेत आहेत. आणि धरून आणण्यासाठी लिहिलेल्या त्या ओळींतून सुटून गेलेल्यांची यादी तयार होत आहे.